हात वर केलेला माणूस

आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मीटिंगला कुणी बोलत नाही, सगळं टाइप होतं. सोमवारी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे दुपारचे दोन, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की आयआरसी या जुन्या चॅटच्या चॅनलवर कुणीतरी मीटिंग सुरू करण्याची आज्ञा लिहितं. बॉट ती नोंदवून घेतो आणि हजेरी सुरू होते. हजेरी लावण्याची रीत अशी की इंग्रजी ओ काढायचा आणि त्याला चिकटून एक तिरकी रेघ मारायची. ओ हे डोकं, रेघ हा वर केलेला हात. बाहेरच्या माणसाला ती टायपिंगमधली चूक वाटेल. आम्हाला मात्र त्यात माणूस दिसतो. जपानातून एक, पोलंडमधून एक, अमेरिकेतून अर्धवट झोपेत असलेला एक, आणि पुण्यात सिंहगड रोडवरच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजणारी मी.

सहा वर्षं मी दर सोमवारी असा हात वर करत आले. ज्या आठवड्यात तो खरोखर वर करायचा होता, त्या आठवड्यात मांडीखाली दाबून बसले.

आधी हे कशाबद्दल चाललंय ते सांगते. सासूबाईंना समजावलं होतं तसंच. मोठ्या कंपन्या आपले संगणक भाड्यानं देतात, त्याला क्लाउड म्हणतात. कुणाला किती संगणक दिले, कुणाची डिस्क कुठे ठेवली, कुणाचं जाळं कुणाला जोडलं, हा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर त्या कंपन्यांचं खासगी असतं. तेच काम करणारं, पण कुणालाही उघडून वाचता येईल आणि स्वतःच्या संगणकांवर बसवता येईल असं सॉफ्टवेअर म्हणजे ओपनस्टॅक. जुलै 2010 मध्ये रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी आणि नासा यांनी मिळून ते जाहीर केलं. नासाकडून नोव्हा आला, जो आभासी यंत्रं चालवतो. रॅकस्पेसकडून फायली साठवणारा स्विफ्ट आला. मग गोतावळा वाढत गेला. डिस्क देणारा सिंडर, जाळं विणणारा न्यूट्रॉन, ओळखपत्र तपासणारा कीस्टोन, यंत्रांच्या इमेज, म्हणजे तयार डिस्कचे साचे, सांभाळणारा ग्लान्स. जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा 2013 पासून आपला क्लाउड याच्यावरच चालवते.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सार्वजनिक गणपती. वर्गणी सगळ्यांची, मूर्ती कुणाच्या एकाची नाही."

इतक्या वर्षांत यापेक्षा चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. वर्गणी इथे कामाची असते, एवढाच फरक. आणि मंडळात असतं तेच इथेही असतं. मिरवणुकीत नाचायला शंभर जण, मांडव उतरवायला चार.

आमचा प्रकल्प या गोतावळ्यातला एक धाकटा भाऊ. नाव सांगत नाही. माणसं इतकी मोजकी आहेत की नाव सांगितलं तर सगळेच ओळखू येतील.

माझा पहिला पॅच, म्हणजे सुचवलेली पहिली दुरुस्ती, 2017 च्या शेवटी, क्वीन्स आवृत्तीच्या वेळचा. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं जातात. 2010 मध्ये ऑस्टिन, 2022 मध्ये झेड. मग अक्षरं संपली, पुन्हा एपासून सुरुवात झाली आणि आता नावाच्या आधी वर्षही लावतात. तर त्या क्वीन्सच्या वेळी दस्तऐवजातल्या एका वाक्यात इंग्रजी 'द' लागोपाठ दोनदा आलं होतं. मी त्यातलं एक काढलं. त्या एका शब्दासाठी झूल या आमच्या चाचणी यंत्रणेनं कुठल्या तरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये संगणक उभे केले, तपासण्या चालवल्या आणि मोडून टाकले. तीन दिवसांनी दोन अनोळखी माणसांनी त्यावर प्लस टू, म्हणजे मंजुरी, दिलं आणि तो शब्द मर्ज झाला, म्हणजे दुरुस्ती मुख्य प्रतीत गेली. ऑफिसमध्ये महिनोन्महिने लिहिलेला कोड कुणी कौतुकानं वाचल्याचं आठवत नाही. इथे माझं एक 'द' दोघांनी वाचलं होतं. त्यावर मी भाळले, खोटं कशाला बोलू.

पुढे पॅच वाढले, इतरांचे पॅच वाचायला लागले, आणि 2021 मध्ये मला कोअर रिव्ह्यूअर केलं. ते कसं करतात ते महत्त्वाचं आहे. कोअर व्हायला आपण अर्ज करत नाही. आधीचा कुणी कोअर सगळ्यांना पत्र लिहितो, की ही बाई बरेच दिवस नीट काम करते आहे, हिला प्लस टूचा अधिकार द्यावा असं मला वाटतं, कुणाची हरकत असल्यास आठवड्याभरात कळवा. हरकत आली नाही की झालं. आपण फक्त ओशाळं हसून आभार मानायचे. हे मला अगदी माहेरच्यासारखं वाटलं होतं. आपण गप्प बसायचं, चांगलं वागायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव सुचवायचं.

पीटीएलचं तसं नसतं. पीटीएल म्हणजे प्रोजेक्ट टीम लीड, एका प्रकल्पाचा प्रमुख. पूर्वी त्यातल्या टीचा अर्थ टेक्निकल होता, नंतर टीम झाला, आणि हा बदल ज्यानं सुचवला त्याला या कामाचं मर्म कळलं होतं असं मला आता वाटतं. एका आवृत्तीपुरतं, म्हणजे सहा महिन्यांचं पद. पगार नाही, कुणाला हुकूम देता येत नाही. मतभेद मिटलाच नाही तर शेवटचा शब्द पीटीएलचा, असं कागदावर आहे. पण तो शब्द वापरायची वेळ आली तर आपलं काहीतरी आधीच चुकलेलं असतं. आणि या पदासाठी स्वतःच उभं राहावं लागतं. कोअर दुसरा कुणी करतो. पीटीएल व्हायचं तर स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं की मला हे हवं आहे.

फेब्रुवारी 2024. डाल्मेशियन आवृत्तीसाठी उमेदवारी सुरू होती. आमच्या तेव्हाच्या प्रमुखानं (युरोपातला, मितभाषी, विनोद करतानाही पूर्णविराम देणारा) मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की दोन वर्षं झाली, या वेळी मी उभा राहणार नाही. आम्ही चौघं कोअर होतो. त्यातल्या दोघांच्या कंपन्यांनी त्यांना दुसऱ्या कामाला लावलं होतं. ते रात्री थोडा वेळ काढून रिव्ह्यू करत, तेवढंच. उरले मी.

हे सगळ्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं, आणि मी वाट पाहत होते. कुणीतरी म्हणेल, अगं तूच हो ना. मग मी म्हणणार, छे, मला कुठलं जमायला. मग ते म्हणणार, तुझ्याशिवाय आहे कोण. मग मी जरा विचार करते म्हणणार, आणि तिसऱ्या वेळी हो म्हणणार.

हा तमाशा मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी पाहते. सेक्रेटरी काका उभे राहतात, "यंदा मला मोकळं करा." लगेच चार आवाज, "काका, तुमच्याशिवाय कोण?" काका बीपीच्या गोळ्यांचा उल्लेख करतात. सभा फरशीच्या डिझाइनकडे बघत बसते. काका सुस्कारा टाकतात, "बरं, एवढं एकच वर्ष." टाळ्या आणि बटाटेवडा. काकांना सेक्रेटरीपद मनापासून आवडतं हे वॉचमनसकट सगळ्यांना माहीत आहे. पण तसं म्हणायचं नसतं.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला तिशीतला मुलगा उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "मला सेक्रेटरी व्हायचंय. पाण्याच्या मीटरचं आणि हिशेबांचं मी ऑनलाइन करून देतो." सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याचा कुरकुराट ऐकू आला. काका पुन्हा निवडून आले. नंतर लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, "एवढी कसली घाई याला? बिल्डिंगच्या रंगकामाचं कंत्राट दिसतंय डोळ्यांपुढे." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. तो मुलगा पुढच्या वर्षी घर विकून गेला. सोसायटीची टाकी अजूनही दर मे महिन्यात कोरडी पडते.

तर मी वाट पाहत बसले. उमेदवारीची मुदत 23 वाजून 45 मिनिटं यूटीसी, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सव्वापाच. त्या दिवशी मला पावणेपाचलाच जाग आली. अंधारात मोबाइलवर उमेदवारांची यादी उघडली. आमच्या प्रकल्पापुढे काही नव्हतं. अर्धा तास होता. फाइल लिहायला पंधरा मिनिटं पुरली असती. मी पान पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. जिन्यात दूधवाल्याच्या पिशव्यांचा आवाज आला. सव्वापाच वाजून गेले. मग मी उठून चहा ठेवला. आणि माझ्या मनात पहिली भावना आली ती रागाची होती. कुणाला माझं नाव सुचवावंसं वाटलं नाही!

ज्या प्रकल्पांना उमेदवार मिळत नाही त्यांची एक यादी होते, नेता नसलेले प्रकल्प अशी. ती तांत्रिक समितीकडे जाते. समितीपुढे तीन वाटा असतात. कुणी उशिरा तयार झालं तर त्याला नेमायचं. पीटीएलशिवाय चालणारी, जबाबदाऱ्या वाटून घेण्याची पद्धत 2020 पासून आहे, ती लावायची. नाहीतर प्रकल्पच निवृत्त करायचा. सहा वर्षं ज्यात बोटं घातली त्याच्या नावापुढे 'निवृत्त करायचा का?' असं प्रश्नचिन्ह मी वाचलं. ते कुणी निष्ठुरपणे लिहिलेलं नव्हतं. कारकुनी प्रश्न होता, आणि त्यामुळेच जास्त लागला.

दोन दिवसांनी जुन्या प्रमुखानंच लिहून दिलं की आणखी एक आवृत्ती मी सांभाळतो. समितीनं त्याला नेमलं. त्या रात्री त्यानं मला खासगीत निरोप टाकला. त्याचा आशय असा होता: तू उभी राहशील असं मला वाटलं होतं. राहिली नाहीस, तेव्हा समजलो की तुला हे नकोय. मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला नाही म्हणणं जड गेलं असतं.

मी तो निरोप चार वेळा वाचला. माझा मान राखायचा म्हणून त्यानं विचारलं नव्हतं, आणि मान राहावा म्हणून मी कुणी विचारण्याची वाट पाहत होते. दोघंही सभ्यपणे वागलो आणि प्रकल्प जवळजवळ गेला. 'मी तुझ्या विचारण्याची वाट बघत होते,' असं मी लिहिलं, खोडलं, आणि 'पुढच्या वेळी बघू' एवढंच पाठवलं. त्याच्या भाषेत याचा अर्थ 'पुढच्या वेळी विचार करेन' असा होतो. आपल्याकडे त्याचा अर्थ काहीच होत नाही.

त्या वर्षीच्या जुलैत घडलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिच्यात नव्हते, कडेनं पाहत होते. 2 जुलै 2024 ला एक सुरक्षा सूचना प्रसिद्ध झाली, सीव्हीई-2024-32498. आभासी यंत्राची डिस्क ज्या फाइलमध्ये येते तिचा क्यूकाऊ-टू नावाचा एक प्रकार आहे. या फाइलला अशी सोय आहे की 'माझा खरा डेटा त्या दुसऱ्या फाइलीत आहे' असं तिच्यात लिहून ठेवता येतं. समजा पाहुणा बॅग घेऊन आला आणि बॅगेत फक्त एक चिठ्ठी आहे, 'बाकीचं सामान घरमालकाच्या कपाटात आहे, तेवढं काढून द्या.' आणि घरातला भाबडा माणूस खरंच कपाट उघडून सामान देतो. तसंच इथे व्हायचं. वाईट हेतूनं बनवलेली इमेज चढवायची आणि सर्व्हरवरची नको ती फाइल हातात पडायची. नोव्हा, सिंडर आणि ग्लान्स, तिन्ही घरांत हा भाबडेपणा होता.

जाहीर होण्याआधी अशी गोष्ट गुपचूप दुरुस्त करावी लागते. तिन्ही प्रकल्पांतल्या थोड्याच लोकांना ठाऊक, पॅच उघडपणे रिव्ह्यूला टाकता येत नाहीत, जुन्या आवृत्त्यांसाठीही तेच पॅच वेगळे करायचे, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सगळं एकदम बाहेर. पण मला भावलं ते त्यानंतरचं. फाइल नेमकी कुठल्या प्रकारची आहे हे तपासणारा कोड या निमित्तानं घरोघरी होऊन बसला होता. तो ओस्लो या सगळ्यांच्या सामायिक लायब्ररीत नेऊन एकच करायचा, असं ठरलं आणि केलं गेलं. हे काम कुणाच्याच नोकरीच्या यादीत नसतं. त्यातून नवी सोय मिळत नाही, कुणाला विकता येत नाही. कुणीतरी एकानं 'तिघांनी तीन प्रती कशाला सांभाळायच्या' असं म्हणावं लागतं आणि मग ते पुरं होईपर्यंत तिन्ही दारं ठोठावत राहावं लागतं.

आमच्या प्रकल्पात तसं कोण म्हणणार होतं? जुना प्रमुख थकलेला होता. मी त्याच आठवड्यात आईला फोन केला. तिला क्यूकाऊ-टू सांगत बसले नाही, एवढंच विचारलं की तू बचत गटाची अध्यक्ष झालीस ती कशी.

आई सांगलीत बावीस वर्षं एका बचत गटाची अध्यक्ष आहे. मी लहानपणापासून धरून चालले होते की बायकांनी आग्रह केला असणार. ती म्हणाली, "कुणी कशाला आग्रह करतंय. आधीच्या बाईंचं अक्षर लागायचं नाही. दर महिन्याला चाळीस रुपये इकडे, पन्नास तिकडे. मी म्हटलं, वही द्या इकडे, मी लिहिते."

"आणि अध्यक्षपद?"

"वहीबरोबर आलं. बँकेत सहीला वही असणारीच जाणार ना."

"तुला लाज नाही वाटली मागायला?"

"पद कुठं मागितलं? वही मागितली." मग थोडं थांबून, "तुझ्या कामात वही कोणाकडं असते?"

हा प्रश्न घेऊन मी दोन आठवडे फिरले. आमची वही म्हणजे काय? लाँचपॅड या बग नोंदवायच्या साइटवर पडलेले, कुणी हात न लावलेले बग. आवृत्ती बाहेर पडताना 'आमच्याकडून हो' म्हणणारी सही. मीटिंगची विषयपत्रिका. जुन्या आवृत्त्यांच्या स्टेबल ब्रँचमध्ये कुठला पॅच न्यायचा, कुठला नाही याचा निवाडा. इव्हेंटलेट नावाची एक जुनी लायब्ररी ओपनस्टॅकमधून काढून टाकायची आहे, ती आमच्या कोडमध्ये कुठे कुठे रुतली आहे याची यादी. ती यादी तर माझ्याच संगणकावर एका फाइलीत होती, कुणी न सांगता केलेली. म्हणजे अर्धी वही आधीच माझ्याकडे होती. सहीचा अधिकार तेवढा मागायला लाजत होते.

मॅनेजरला विचारणं हा वेगळा सोहळा झाला. तो वाईट माणूस नाही. त्यानं विचारलं, "यातून आपल्याला काय मिळेल?" आभासी यंत्रांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरचं मी उदाहरण दिलं. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं ती कंपनी घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आणि तेव्हापासून कितीतरी जण पुन्हा ओपनस्टॅककडे बघायला लागलेत. असा प्रकल्प आतून ओळखणारं माणूस आपल्याकडे असलेलं बरं. त्यानं मान डोलावली. "आठवड्याचे आठ तास. पण अप्रेझलमध्ये याला रकाना नाही, बरं का." रकाना नाहीच. तो कुठल्याच कंपनीत फारसा नसतो, आणि प्रकल्पांना उमेदवार मिळत नाहीत त्यामागे हा नसलेला रकाना बराचसा आहे. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. आठ तास घेतले.

ऑगस्टमध्ये एपॉक्सी आवृत्तीसाठी उमेदवारी सुरू झाली. उमेदवारी द्यायची म्हणजे निवडणुकीच्या गिट भांडारात, म्हणजे जिथे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे, एक साधी फाइल टाकायची. फोल्डर आवृत्तीचं, आत फोल्डर प्रकल्पाचं, आणि फाइलीचं नाव म्हणजे आपला ईमेल पत्ता. ठळक अक्षरं नाहीत, फोटो नाही. कोडचा पॅच जसा रिव्ह्यूला जातो तशीच ही फाइल जाते. निवडणूक अधिकारी, तेही आपल्यासारखेच स्वयंसेवक, पाहतात की या माणसाचं या प्रकल्पात अलीकडे खरंच काही मर्ज झालंय का. असेल तर तेही प्लस टू देतात.

श्रावणी सोमवार होता. मीटिंग आटोपून, उपास सोडून मी रात्री लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. त्या वाक्याची सुरुवात इंग्रजी 'आय'नं होते. तेही कॅपिटल, ताठ उभं, खांबासारखं. मराठीत 'बघते', 'करते', 'सांभाळते' एवढं म्हटलं की मी क्रियापदाच्या शेपटीत लपून जाते, वेगळं उभं राहावं लागत नाही. इंग्रजीत दर वाक्याला खांब. युक्ती म्हणून सगळीकडे 'वी' घातलं. आम्ही हे केलं, आपण ते करू, या सगळ्यांमुळे शक्य झालं. नवऱ्याला वाचायला दिलं. त्यानं चष्मा वर केला.

"हे आभारप्रदर्शन आहे. उभं कोण राहतंय ते कळत नाही."

दुसऱ्या खर्ड्यात मी नको तितकी उभी राहिले. नम्र आहे, सन्मानित आहे, उत्कट आहे. वाचून मलाच लिफ्टमधलं हसू आठवलं. तिसऱ्यांदा मात्र बाजारात जाताना यादी करतो तसं लिहिलं. हात न लावलेले बग मी दर आठवड्याला दहा याप्रमाणे बघीन. इव्हेंटलेटची यादी माझ्याकडे आहे, ती सोबत जोडली आहे, आणि पहिल्या दोन जागा मी स्वतः बदलीन. दोन आठवडे कुणी न पाहिलेल्या पॅचला काहीतरी उत्तर मिळेल, ते 'नाही' असलं तरी. आणि शेवटी एक ओळ: गेल्या वेळी मी उभी राहायला हवी होती, राहिले नाही. पानावर अकरा 'आय' झाले होते. मोजले मी.

फाइल रिव्ह्यूला धाडणारी गिट रिव्ह्यूची आज्ञा दिली तेव्हा साडेअकरा वाजले होते. सगळे रिव्ह्यू जिथे चालतात त्या गेरिटवर माझ्या नावानं एक नवी ओळ दिसायला लागली आणि पोटात गोळा आला. कुणीही काहीही लिहू शकलं असतं. सकाळी पाहिलं तर दोन प्लस टू पडून फाइल मर्जही झाली होती. कुणाला घाई दिसली नव्हती, की रंगकामाचं कंत्राट दिसलं नव्हतं. जुन्या प्रमुखाचा निरोप एका शब्दाचा होता, 'अखेर', आणि पुढे अर्थातच पूर्णविराम.

दुसरा उमेदवार असता तर मतदान झालं असतं. ज्यांचं काम प्रकल्पात मर्ज झालंय ते मतदार, आणि मत म्हणजे एकावर शिक्का नाही. सगळ्यांचा क्रम लावायचा. अठराव्या शतकातल्या कॉन्दोर्से नावाच्या फ्रेंच गृहस्थाची ही पद्धत. मला त्यात उगीचच रस होता. पण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "किती मतांनी आलीस?"

"मतदान झालंच नाही."

"बिनविरोध!" त्यांनी हातातली वात बाजूला ठेवली. "अगं, आमच्या गावात बिनविरोध व्हायला माणसं काय काय करतात."

बिनविरोध यायला गावात बैठका होतात, मनधरणी होते, कुणाच्या शेताचा रस्ता करून द्यायचं ठरतं. इथे बिनविरोधचं कारण इतकंच की मांडव उतरवायला चौथा माणूस नव्हता. पण त्यांनी साखर आणली होती, ती मी खाल्ली.

ऑक्टोबरपासून वही माझ्याकडे आली. पहिल्या महिन्यात मी कोडची एक ओळ लिहिली नाही. त्याचा त्रास झाला, संध्याकाळी हाताला काही लागलंय असं वाटेना. बग बघायचे, ज्याला उत्तर नाही त्याला उत्तर द्यायचं, चाचणी पडली की ती पुन्हा चालवायला कारण न देता नुसतं 'रीचेक' लिहिणाऱ्याला हळूच विचारायचं, की बाबा, पडली कशानं ते बघितलंस का? एकानं पाठवलेला मोठा आराखडा मला नाकारावा लागला. चांगला होता. पण तो सांभाळायला पुढे कुणी राहणार नव्हतं. ते नाही लिहायला मला पूर्ण शनिवार लागला. सगळी वाक्यं खांबावर उभी.

दिवाळीच्या सुमारास युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली, मग अमेरिकेतली. यूटीसी हलत नाही, आपणही हलत नाही, त्यामुळे आमची मीटिंग साडेसातलाच राहिली आणि त्यांची सरकली. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी मीटिंग सुरू करण्याची आज्ञा दिली आणि हजेरीची वाट पाहत राहिले. एक हात आला. मग दुसरा. कुकरची दुसरी शिट्टी झाली. मग एक हात आला तो ओळखीचा नव्हता.

म्हणजे नाव ओळखीचं होतं. नागपूरचा एक मुलगा, तीन महिने पॅच पाठवत होता, स्वच्छ, छोटे, चाचण्यांसकट. मीटिंगला मात्र कधी आला नव्हता. त्या दिवशीही पूर्ण मीटिंगभर हात वर केला तेवढाच, पुढे अक्षर नाही. मीटिंग संपल्यावर मी त्याला खासगीत मराठीत लिहिलं. आवृत्ती बाहेर काढताना प्रकल्पाकडून सही करणारा एक माणूस लागतो, रिलीज लिएझन म्हणतात त्याला. काम किचकट नाही पण विसरून चालत नाही. तू बघशील का?

बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं.

"मी? नाही ताई, मी अजून नवीन आहे. इतके मोठे लोक आहेत."

पंगतीत जिलबी हवी असूनही आग्रहाची वाट बघत ताटावर आडवा धरलेला हात मी न ओळखेन तर कोण ओळखणार. मी बरं म्हटलं, कुकर बंद केला, आणि माझ्या यादीत पुढच्या सोमवारपुढे लिहून ठेवलं: दुसऱ्यांदा विचारणे.